साक्ष

पाळकीणबाई म्हणाल्या, दोर्कसकाकू,
शुक्रवारी महिला संघात तुम्हीच साक्ष द्या,
सहनशील प्रीतीवर. पाचच मिनिटं.
तुमच्याइतकं ते कोणाला ठाऊक?
मी मान हलवली. घरी येऊन कुकर लावला.

आता पाच मिनिटांत काय काय बसवू?

आमचे हे, शांतवन, मिरज जंक्शनला केबिनमन.
तेहेतीस वर्षं गाड्यांना वाट करून दिली,
बेळगावच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या,
आणि घरी आले की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही.
झटका आला त्यात उजवी बाजू गेली
आणि सगळे शब्द गेले, एक सोडून.
नाही.

चहा घेता? नाही.
कप उचलायला जावं तर डाव्या हातानं मनगट धरतात,
नाही, नाही. म्हणजे हवाय.
ऊन डोळ्यावर आलं, नाही. पाय अवघडला, नाही.
उपासनेत सगळ्यांचं आमेन म्हणून झालं
की मागच्या बाकावरून, एकट्याचं, खणखणीत: नाही.
पोरं हसतात. हसू देत.
लेकीचा फोन आला की जे नाही म्हणतात
ते इतकं मऊ, तारेतून पलीकडं पोचतं का कुणास ठाऊक.

दोन वर्षांत एवढंच शिकले.
डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं,
त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा.
थांबा म्हणायला काय जातंय.
दूध वर आलेलं, गॅसवाला दारात,
आणि समोर हा माणूस एका शब्दाच्या भिंतीला
टाचणीनं भोक पाडत बसलेला.
कितीदा मीच पुरं करून टाकलं. चुकीचं केलं.

आणि बुधवारचं तर कुणालाच माहीत नाही.

बुधवारी तिसऱ्यांदा चादर बदलली.
आमटीची वाटी पुढं धरली, ती त्यांनी लोटली,
भिंतीवर, कॅलेंडरवर,
कॅलेंडरातल्या मेंढपाळाच्या अंगावर.
मी जे बोलले ते साक्षीत सांगण्यासारखं नाही.
बाहेरून कडी घातली
आणि तशीच, हळदीच्या हातानं, स्टेशनवर गेले.

बाकावर बसले. प्रार्थना केली नाही,
खोटं कशाला सांगू.
एक पॅसेंजर सिग्नलसाठी लांब तटून उभी होती.
तिच्याकडं बघता बघता आठवलं,
नवं लग्न, रात्रपाळीचा डबा घेऊन केबिनवर गेलेले मी.
गाडी साडेतीन तास लेट.
म्हटलं, मग तोवर घरी चला की.
हे हसले. अगं, लेट आहे
म्हणून तर बसायचं.

कडी काढली. आत अंधार.
खाटेवर नव्हते.
दिवा लावला तर भिंतीशी, खाली,
कसे घसरत गेले असतील तेच जाणोत,
अंगातला बनियन काढून डाव्या हातानं
कॅलेंडर पुसत बसलेले.
पुसून पुसून मेंढपाळाचं तोंड गेलं होतं.
खांद्यावरचं कोकरू तेवढं राहिलं होतं.
माझ्याकडं बघितलं. म्हणाले, नाही.

हे नवीन होतं. इतक्या नाहींमध्ये
हे मी कधी ऐकलं नव्हतं.
माफ कर? जाऊ नकोस? की नुसतं, निघत नाही गं डाग?
मी शेजारी बसले, फरशीवर.
या खेपेला पुरं केलं नाही.
बराच वेळ बसलो. कुकर गार, भाकरी करायच्या राहिलेल्या,
बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती.

अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

मंडळीत सगळे म्हणतात, काकू, किती सोसता हो तुम्ही.
कडीच्या आत बसून
माझी वाट कुणी बघितली ते त्यांना काय माहीत.

पाळकीणबाईंना सांगते,
शुक्रवारी यांनाच उभं करा.
एकच शब्द आहे, वेळ फार लागणार नाही.
पण ऐकणाऱ्यांनी थांबलं पाहिजे.

तिसरी शिट्टी झाली.
आतल्या खोलीतून हाक: नाही.
आले हो. आले.